पडवळ म्हणजे वाकटी

बोटीवर मासळी निवडायच्या मशीनची पहिली चाचणी पडवळावर झाली, असं मी एखाद्या लग्नकार्यात सांगायला लागलो की ताई म्हणते, "झालं, लागली याची टेप." पण ती उठून जात नाही. हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसते. कारण ते मशीन शेवटी चाललं की नाही चाललं, हे तिलाही अजून नीट कळलेलं नाही, आणि दर वेळी तिला वाटतं की निदान या वेळी तरी मी सांगेन. मीही दर वेळी त्याच आशेनं सुरुवात करतो.

मी महाडला शाळेत भूगोल शिकवायचो. म्हणजे समुद्र हा माझा विषय. भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर काढण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. चंद्र गोल, पृथ्वी गोल, दोहोंच्या मध्ये बाण. प्रत्यक्ष समुद्राशी माझी ओळख मात्र शाळेच्या सहलीतली, आणि तीसुद्धा गुडघ्यापर्यंतची.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, महाडच्या एमआयडीसीत फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी पोलादपूरला, हायवेला लागून असलेल्या आपल्या घराच्या पडवीला पत्रे वाढवले आणि वर्कशॉप काढलं. वेल्डिंगचं मशीन, एक जुनी लेथ, आणि दारावर रंगवलेली पाटी. काम यायचं ते भातगिरणीच्या रुळांचं, गेटांचं, एखाद्या ट्रकच्या तुटलेल्या फाळक्याचं. चार दिवस काम, चार दिवस बसून पाऊस बघणं. अशात आखातात गेलेल्या एका जुन्या सोबत्याचा निरोप आला, की फिटरची जागा आहे, गणपतीच्या आत हो की नाही ते कळव. भावोजींनी पासपोर्ट काढला. ताईनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरात चुलीच्या वर खिळ्याला टांगला. पावसाची ओल लागू नये म्हणून, असं ती म्हणायची. पण सुक्या मिरच्यांच्या शेजारी धूर खात लोंबणाऱ्या त्या पासपोर्टाकडे पाहिलं की मला वाटायचं, आणखी एक पावसाळा गेला तर यातला फोटो कोणाचा ते विमानतळावर ओळखू येणार नाही. ताईचा तोच बेत असावा की काय, कोण जाणे.

त्याच दिवसांत वर्कशॉपवर एक ट्रॉलरवाला आला. बाणकोटच्या खाडीच्या तोंडाजवळच्या एका बंदरातला माणूस. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा ही मंडळी डागडुजी उरकून घेतात. तो बर्फ फोडायच्या मशीनचे झिजलेले दाते घेऊन आला होता. मी त्या रविवारी तिथेच होतो. दाते होईस्तोवर त्यानं चहा घेतला आणि सहज म्हणाला, "मिस्त्री, बर्फ मशीननं फोडता येतो तर मासळी मशीननं निवडता का येऊ नये? जाळं वर घेतलं, त्याच्या शेपटाची पिशवी सोडली, की बोटीवर ढीग पडतो. कोलंबी, मांदेली, वाकटी, ढोमे, लेप, सगळा काला. माझे खलाशी उकिडवे बसून निवडतात. निवडून होईपर्यंत खालची मासळी मऊ पडलेली असते."

भावोजी म्हणाले, "होईल."

मला वाटलं ते चहाबद्दल बोलतायत. पण त्यांनी खडू घेऊन फरशीवर रेघा मारायला सुरुवात केली. ट्रॉलरवाला वाकून बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "नारळी पौर्णिमेनंतर एक दिवस नुसत्या चाचणीला बोट बाहेर काढतो. चाललं तर माझ्या बाकीच्या बोटींनाही तुमचंच मशीन."

पुढच्या आठवड्यात ताई महाडला बाजाराला म्हणून आली आणि थेट आमच्याकडे आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तुला समुद्रातलं कळतं. रविवारी येत जा आणि यांना मदत कर. ते मशीन चाललं पाहिजे."

"आणि नाही चाललं तर?"

"तर हे जातात. मग तू रोज ये पोलादपूरला, माझ्या सासूबाईंशी गप्पा मारायला."

ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे आपण ऐकायचं. मी पुढच्याच रविवारी गेलो.

भावोजींनी एकदा गिरणीत भाताचे रूळ बसवले होते, त्यातूनच त्यांना ही युक्ती सुचली होती. लोखंडी नळ्यांच्या जोड्या, उतरत्या बसवलेल्या, आपल्या जागी फिरणाऱ्या. दोन नळ्यांमधली फट वरच्या टोकाला करंगळीएवढी आणि खाली येता येता मुठीएवढी. ढीग वरून सोडायचा. बारीक मासा वरच फटीतून खालच्या टोपलीत पडणार, मधला मध्ये पडणार, मोठा घरंगळत शेवटपर्यंत जाणार. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं.

"समुद्रात बोट किती कलते?" भावोजींनी मला विचारलं.

मी म्हणालो, "ते वाऱ्यावर अवलंबून आहे."

"वारा किती असतो?"

"ते ऋतूवर अवलंबून आहे."

त्यांनी फरशीवरच्या पान्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही तो पाना धरा."

मशीन उभं राहिलं तोवर श्रावण लागला होता. आणि आता चाचणीसाठी मासे हवेत म्हटल्यावर मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"श्रावण हाय," त्या म्हणाल्या. "शेडात मासा आणलास तर मी नळाखाली बसून डोक्यावरून आंघोळ करीन. आनि तुलाबी करायला लावीन. ह्या पावन्यालाबी."

मावशींचं माशांशी वाकडं होतं असं मुळीच नाही. गणपती गेले की पहिल्या दिवशी बाजाराच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या त्याच. पण श्रावण म्हणजे श्रावण. भावोजींनी समजावलं, की बोट पौर्णिमेनंतर निघणार, त्याआधी मशीन चालवून बघायलाच हवं, आणि पौर्णिमा श्रावणातच येते, त्याला मी काय करू. मावशी म्हणाल्या, "मंग भाजी घाल. परसात पडवळं लटकल्यात ती काय शोभेला?"

ही सूचना त्यांनी रागानं केली होती. आम्ही ती मनावर घेतली.

त्या दुपारी शेडमध्ये जी बैठक झाली तिच्याइतकी गंभीर बैठक मी शिक्षकांच्या संघटनेतही पाहिलेली नाही. कुठल्या माशाला कुठली भाजी धरायची? मांदेली म्हणजे गवार, यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं. कोलंबी म्हणजे वाकडी मिरची. लांब, पट्ट्यासारखी वाकटी म्हणजे पडवळ. ढोमा म्हणजे वांगं. बांगड्यावर मात्र गाडं अडलं. भावोजी म्हणत होते शिराळं, मावशी म्हणत होत्या काकडी.

"शिराळ्याला धारा असतात रे. बांगड्याला धारा असतात काय? इतकी वर्सं बांगडं खाल्लंस तां डोळं मिटून खाल्लंस?"

"आणि चिंबोरी?" मी विचारलं.

मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "चिंबोरीला भाजी नाय. चिंबोरी म्हंजे चिंबोरी."

मोटर सुरू केली, वरून टोपली ओतली, आणि काय सांगू, नळ्यांनी जादू केली. गवार गवारीच्या टोपलीत, मिरची मिरचीच्या, वांगी टपाटप मध्ये पडली. आणि पडवळं तर एखाद्या संस्थानिकाच्या मिरवणुकीसारखी सरळ, डौलात शेवटपर्यंत गेली. ताई दारात उभी होती. तिनं नळ्यांकडे पाहिलंच नाही. ती भावोजींच्या तोंडाकडे बघत होती. भावोजी हसत होते. मग तीही हसली. मीही हसलो, कारण दोघं हसत होती.

अडचण पुढे आली. मावशींनी टोपलीतलं वांगं उचललं, त्याच्यावर काळं ग्रीस. "हे सोमवारी निवेदाला दाखवू?" त्यांनी विचारलं. "संकर म्हनंल, बाई, वांगं घातलंस का गाडीचं चाक?" फेकून द्यायचा प्रश्नच नव्हता, एवढी भाजी कोण फेकणार. तेव्हा जेवणाआधी भावोजींनी चिडून एका पाइपला भोकं पाडली आणि मशीनच्या वर आडवी बांधली. भाजी नळ्यांवर पडायच्या आत धुवायची आणि नळ्यांवरून उतरतानाही धुवायची. मावशी समोर खुर्ची टाकून बसल्या.

"भोकं बारीक कर. भेंडीला मार लागतो."

भावोजींनी ती पाइप टाकून दुसरी केली.

"आनि मशीन बंद झाला तरी पानी चालू ऱ्हाऊ दे. मंग मला टोपल्या धुवायला बरं."

भावोजींनी पाण्याच्या पंपाला वेगळा पट्टा लावला. ते काम करताना पुटपुटत होते, की मी मासळीचं मशीन करतोय की आईचं मोरीतलं. पण केलं.

त्या पंधरवड्यात घरात पडवळाची भाजी, पडवळाची कोशिंबीर, पडवळाची भजी, आणि एकदा पडवळ घातलेली आमटी झाली. मी रविवारी गेलो की पानात पडवळ वाढताना ताई हळूच विचारायची, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "छानच." मशीन चालताना पाहून मी खरंच छान म्हणत होतो. मला एवढंच कळत नव्हतं की भावोजी आजकाल रोज पासपोर्टाची पिशवी खाली का काढतात, उघडून बघतात आणि पुन्हा का टांगतात.

राहिला प्रश्न कलण्याचा. मशीन जमिनीवर चालतं, पण बोट तर हलणार. पोलादपूरला समुद्र कुठून आणायचा? भावोजींनी ओळखीच्याचा टेंपो मागून आणला, मागे मशीन बांधलं, मोटरच्या जागी हातानं फिरवायचं हँडल बसवलं आणि मला म्हणाले, "कशेडी."

कशेडीचा घाट मी एसटीतून कित्येकदा चढलो आहे, खिडकीशी बसून, हातात लिंबू घेऊन. टेंपोच्या मागे, उभ्यानं, एका हातानं हँडल फिरवत आणि दुसऱ्या हातानं टोपलीतली भाजी सोडत तो कधी चढलो नव्हतो. भावोजी पुढून ओरडायचे, "हे शांत!" आणि टेंपो सरळ रस्त्यावर धावायचा. मग "हे खवळलेलं!" आणि मला कळायच्या आत वळण आणि खड्डा एकदम यायचे. वांगी माझ्या पायात, गवार गळ्यात. तिसऱ्या वळणावर मी टेंपोच्या कडेवरून वाकलो आणि सकाळचं पडवळ घाटाला परत केलं.

त्यात पुढे दरड आलेली. माती रस्त्यावर, गाड्यांची रांग, माती उपसणारा मशीनवाला यायचाय. आम्ही रांगेत उभे. एसटीतून उतरलेली मंडळी पाय मोकळे करत हिंडत होती. त्यांना टेंपोत धुतलेली, निवडलेली भाजी दिसली.

"पडवळ कसं दिलंत?" एका बाईंनी विचारलं.

"विकायचं नाही," भावोजी म्हणाले. "हे वाकटीच्या जागी आहे."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. मुंबईहून गावी निघालेला एक तरुण चाकरमानी मात्र टेंपोवर चढला, नळ्यांवरून हात फिरवून म्हणाला, "मस्त सिस्टिम आहे, बॉस. कटिंगपण होतं काय?"

"हे मासळीचं आहे."

"मग भाजी का टाकलीय?"

"श्रावण आहे म्हणून."

त्यानं आळीपाळीनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि खाली उतरून त्या बाईंना काहीतरी सांगितलं. नंतर बराच वेळ आमच्या टेंपोजवळ कोणी आलं नाही.

दोघंच उरलो तेव्हा भावोजींनी दरडीकडे बघत बघत म्हटलं, "तिकडे म्हणे सगळं सपाट आहे. डोंगर नाही, दरड नाही."

मी धीर करून विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"मशीन चाललं तर तो प्रश्न नाही."

"आणि नाही चाललं तर?"

"तर तुम्ही प्रश्न विचारू नका."

मी यातून काय समजायचं? मी परत येऊन ताईला सांगितलं, की घाटात मशीन उत्तम चाललं. त्यात खोटं काही नव्हतं. रांगेत उभे असताना ते फारच उत्तम चाललं होतं.

नारळी पौर्णिमा झाली. मशीन टेंपोनं बंदरावर गेलं आणि बोटीवर चढलं. जाळं ओढायच्या विंचला नळ्यांचा पट्टा लागला, वेगळा पट्टा पंपाला. चाचणीच्या दिवशी भावोजी आणि मी पहाटेच्या भरतीला निघालो. मावशींनी मला बजावलं होतं, "मासा हाताला लागला तर येताना बाहेरच हात धू."

आता जे सांगतो ते ऐकून सगळे जण मी रंगवून सांगतो असं म्हणतात. कशेडीत जीव नकोसा झालेल्या मला समुद्रात काहीही झालं नाही. बोट डुलत होती, मीही डुलत होतो, उलट बरंच वाटत होतं. आणि घाटात टेंपो हाणणारे भावोजी मात्र खाडीचं तोंड ओलांडलं न ओलांडलं तोच पिवळे पडले. केबिनच्या भिंतीला टेकून खाली बसले, डोळे मिटले आणि हातानं मला खूण केली, की तुम्ही बघा.

मी बघू? मला नळ्यांना वंगण कुठून घालायचं हेही माहीत नव्हतं.

जाळं वर आलं. शेपटाची गाठ सुटली आणि ढीग पडला. मी इतका वेळ भाजीतच वावरलेलो असल्यामुळे पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की हे सगळं हलतंय. कोणी आपल्याला हे सांगितलं नव्हतं. भाजी हलत नाही. शिवाय सगळ्यावर तांबडा चिखल. मला तो रंग ओळखीचा वाटला. आमच्याच पोलादपूरच्या डोंगरांची माती ती, पावसानं सावित्रीत उतरलेली आणि नदीबरोबर खाली येऊन इथे माशांच्या अंगाला लागलेली.

तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, पट्टे लावले. खलाश्यांनी फावड्यानं मासळी वर टाकली.

पहिली वाकटी नळ्यांपर्यंत गेली आणि नळीभोवती गुंडाळली. दुसरी पहिलीवर गुंडाळली. मावशींच्या परसात पडवळाच्या टोकाला दगड बांधतात, सरळ वाढावं म्हणून. वाकटीला कोणी दगड बांधलेला नव्हता. मांदेली टोपलीत पडेनात, नळीलाच चिकटून गोल गोल फिरायला लागल्या. कोलंबीच्या मिशा फटीत अडकल्या. एका चिंबोरीनं नांगीनं नळी धरली आणि सोडेचना.

केबिनकडून खोल आवाज आला, "चाललं का?"

"वाकटी गुंडाळली!" मी ओरडलो.

"आणि?"

"लेप बारीक मासळीत गेले! एवढे मोठे लेप!"

लेप मोठा असतो पण चपटा असतो, पोळीसारखा, तो उभा होऊन सरळ वरच्या फटीतून खाली. मग भावोजी क्षीणपणे म्हणाले, "लेपाला आपण काय धरलं होतं?"

"काहीच नाही!"

"काय धरायला हवं होतं?"

मी विचार केला. "अळूचं पान!"

खलाश्यांचं हसून हसून काम थांबलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आयला, गुरुजींनी कालवन चढवलाय मशीनवर." तांडेल हसता हसता पुढे आला आणि त्यानं नळ्यांचा पट्टा काढून टाकला. नळ्या थांबल्या. माझ्या मात्र डोळ्यांसमोर चुलीवरची ती पिशवी आली. मी पाण्याचा पट्टाही काढायला हात घातला.

"पानी बंद करू नका, गुरुजी," तांडेल म्हणाला.

"पण मशीन तर..."

"मशीन ऱ्हाऊ द्या. पानी ऱ्हाऊ द्या."

त्यांनी मासळीचा ढीग फावड्यानं त्या पाइपच्या खाली ओढला आणि सगळे त्याच्याभोवती बसले. एरवी हे काम करायचं म्हणजे एकानं सारखं उठायचं, दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडायची, ओढायची, ढिगावर ओतायची, पुन्हा सोडायची. आता वरून बारीक धारा पडत होत्या, चिखल वाहून जात होता आणि प्रत्येक मासा आपल्या रंगाचा दिसत होता. त्यांचे हात असे चालत होते की कोण काय उचलतंय ते मला कळेना. गप्पाही चालल्या होत्या, बहुतेक माझ्याबद्दल.

"आता चाललं का?" केबिनकडून.

"बंद आहे!"

"मग आवाज कसला?"

"पाण्याचा!"

भावोजी डोळे मिटूनच होते. त्यांनी त्या दिवसातलं काहीच पाहिलं नाही. म्हणून तर सगळे मला विचारतात.

बंदरावर ट्रॉलरवाला वाट बघत होता. त्यानं क्रेटमधली मासळी हातात घेऊन उलटीपालटी केली, तांडेलाशी दोन शब्द बोलला आणि भावोजींना म्हणाला, "मिस्त्री, नळ्या घेऊन जा. पाण्याचं राहू दे. बाकीच्या बोटींना तेवढंच करून द्या. भोकं अश्शीच बारीक हवीत, मासळीला मार लागत नाही."

भावोजी अजून पिवळेच होते. म्हणाले, "तो तर नुसता नळ आहे."

"असेल," ट्रॉलरवाला म्हणाला. "करून द्या."

परत येताना टेंपोच्या मागे नळ्या खडखडत होत्या. मला वाटलं भावोजींचं अभिनंदन करावं, मग वाटलं सांत्वन करावं, मग मी बाहेर बघत बसलो. महाड सोडल्यावर ते म्हणाले, "नळ्यांवर मी पाऊसभर घासलं. पाइप जेवायच्या आधी केली होती. तीही चिडून."

"हो," मी म्हणालो.

"हो काय?"

"म्हणजे, हो. चिडून."

पोलादपूरला ताई दारातच होती. "चाललं?" तिनं विचारलं. भावोजी सरळ नळाकडे गेले आणि तोंड धुवायला लागले. ताई माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं. चाललं म्हणावं तर नळ्या टेंपोत पडल्या होत्या. नाही चाललं म्हणावं तर त्या माणसाला आणखी हवं होतं. मी म्हणालो, "धुतं."

"म्हणजे?"

"म्हणजे निवडत नाही. धुतं."

"अरे, मग हे राहणार का जाणार?"

ते मला कसं ठाऊक असणार? तेवढ्यात मावशी बाहेर आल्या, टेंपोत डोकावल्या आणि म्हणाल्या, "नळ्यांना मासा लागला काय?"

"लागला."

"मंग बाहेरच ठेवा. आनि माझी पाइप कुठं हाय?"

"बोटीवर," मी म्हणालो. "त्यांनी ठेवून घेतली."

"ठेवून घेतली? आनि सोमवारी मी भेंडी कशात धुवू?" त्या मुलाकडे वळल्या. "अरे, माझी पाइप त्या लोकान्ला देऊन आलास व्हय रे? इच्यारलंस तरी मला?"

भावोजींनी तोंड पुसलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला जरा रंग आलेला दिसला. ते आईकडे बघत राहिले, मग शेडमध्ये गेले, कोपऱ्यातून एक लांब पाइप ओढून काढली आणि तिच्यावर खडूनं खुणा करायला लागले.

"आई," त्यांनी आतूनच विचारलं, "भोकं तेवढीच बारीक, की आणखी बारीक?"

"वांग्याला तेवढी बरी. भेंडीला आनखी बारीक."

"मांदेलीला?"

"मांदेली म्हंजे गवार. गवारीला चालंल."

ड्रिल सुरू झालं. ताई जरा वेळ उभी राहिली. मग आत गेली, चुलीवरच्या खिळ्याची ती पिशवी काढली, तिच्यातला पासपोर्ट काढून ट्रंकेत कपड्यांच्या खाली घातला आणि रिकामी पिशवी घेऊन परसात पडवळ काढायला गेली.

चार दिवसांनी भावोजींनी एसटीडी बूथवरून फोन केला. काय बोलले कोणास ठाऊक. मी विचारलं तर म्हणाले, "सांगितलं, हातात काम आहे."

"आखाताला नाही म्हणालात?"

"हातात काम आहे म्हणालो."

तेव्हापासून त्या वर्कशॉपातून किती बोटींवर किती पाइपा गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. नळ्या अजून पडवीच्या बाहेरच आहेत. श्रावण संपला तरी मावशींनी त्या आत घेऊ दिल्या नाहीत. आणि अजूनही एखाद्या कार्यात मी ही गोष्ट सांगून संपवली की ताई विचारते, "पण मशीन चाललं का रे शेवटी?" भावोजी पलीकडच्या पंगतीत जेवत असतात. ते मान वर करून माझ्याकडे बघतात. त्यांनाही उत्तर ऐकायचं असतं.

मी वाढप्याला हाक मारतो आणि आणखी जरा भाजी मागतो. पडवळाची असेल तर जास्तच.